फिसकटलेला बेत आणि ख्रिस्ती श्रद्धा

आयत्या वेळी फिसकटलेल्या बेताचे काय करायचे, या प्रश्नावर ख्रिस्ती पवित्र शास्त्रात वेगळे प्रकरण नाही. तो येतो व्यापार, प्रवास, आजारपण आणि पाहुणे यांच्या गोष्टींतून. सगळ्यांत थेट उत्तर आहे नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या शेवटी. तिथे काही व्यापारी पुढच्या वर्षाचा हिशेब मांडून बसले आहेत: कोणत्या शहरी जायचे, किती दिवस राहायचे, किती कमवायचे. पत्रलेखक त्यांना विचारतो की उद्याचे तुम्हांला काय ठाऊक आहे? मग तो सुचवतो की बेत सांगताना ‘प्रभूची इच्छा असेल तर’ एवढे शब्द जोडत जा. युरोपात पुढे या शब्दांचा लॅटिन संक्षेप ‘डी. व्ही.’ पत्रांत आणि सभांच्या आमंत्रणांत लिहिण्याची पद्धत पडली. मराठी ख्रिस्ती घरांत ‘प्रभूची इच्छा असेल तर रविवारी येऊ’ हे वाक्य आजही सहज कानावर येते.

या सल्ल्यात बेत आखण्याला मनाई नाही. नीतिसूत्रांत उन्हाळ्यात धान्य साठवणाऱ्या मुंगीचे कौतुक आहे. लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला आहे. आखणी करावी, ती नीट करावी, पण तिच्यावर मालकी सांगू नये, असा हा विचार आहे. ‘नशीब’, ‘प्रारब्ध’ आणि ‘योग’ या शब्दांशी त्याचे नाते वरवर जवळचे वाटते. फरक असा की प्रारब्धाला कर्माचा हिशेब असतो आणि नशिबाला तोंड नसते, तर इथे समोर कोणीतरी आहे असे मानलेले असते. त्याच्याशी बोलता येते, त्याच्यावर रुसता येते, त्याला जाबही विचारता येतो. मोडलेल्या बेताकडे पाहण्याची ख्रिस्ती रीत या एका फरकावर उभी आहे.

नाशिकच्या पंचवटीत हा प्रश्न दरवर्षी पावसाळ्यात उभा राहतो. पंचवटी गोदावरीच्या डाव्या तीरावर, तर शहरातील जुनी ख्रिस्ती वस्ती शरणपूरला, नदीच्या पलीकडे. त्र्यंबक रस्त्यावरचे होली क्रॉस चर्च आणि नाशिकरोडचे बाळ येशूचे तीर्थस्थानही पलीकडेच. पंचवटीतल्या ख्रिस्ती कुटुंबाला रविवारच्या उपासनेला जायचे तर पूल ओलांडावा लागतो. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी गुडघ्याला आले, कमरेला आले, छातीला लागले, ही या शहराची पूर मोजायची जुनी पट्टी आहे. रामसेतूसारखे सखल पूल पाण्याखाली जातात, घाटावरचे दुकानदार रात्रीतून माल हलवतात, आणि साऱ्या वाहतुकीचा भार होळकर पुलासारख्या उंच पुलांवर येतो. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दोन दिवशी आलेले पूर अजून ताजे आहेत. त्यांतला दुसरा दिवस रविवारच होता. अशा सकाळी इस्त्री केलेले कपडे, संडे स्कूलसाठी मुलाने पाठ केलेले वचन, चर्चमध्ये गाणाऱ्या चमूतली जागा, सगळे घरीच राहते. घरात बायबल उघडून स्तोत्र वाचायचे, ‘उपासना संगीत’ काढून दोन गीते म्हणायची, प्रार्थना करायची, की खालच्या आळीत पाणी शिरलेल्या शेजाऱ्याचे धान्याचे डबे वर चढवायला जायचे, हे त्या घराला तिथल्या तिथे ठरवावे लागते. शुभवर्तमानाच्या बाजूने पाहिले तर डबे आधी.

पंचवटीची स्वतःची आठवणही मोडलेल्या बेताचीच आहे. रामाच्या राज्याभिषेकाची तयारी झालेली, आणि त्याच वेळी वनवासाची आज्ञा. त्या वनवासातला एक मुक्काम इथे झाला अशी श्रद्धा आहे, आणि काळाराम मंदिर व सीतागुंफा तिच्याच खुणा आहेत. त्या कथेत बेत मोडल्यावर माणसाला उभे ठेवते ते दिलेले वचन. ख्रिस्ती परंपरा त्या जागी पित्यावरचा भरवसा ठेवते. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात आणि नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला दोन्ही ठाऊक असतात.

भरवसा म्हणजे गप्प बसणे, असा एक गैरसमज आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे तक्रारीची आणि विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र देवाला ‘किती काळ’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा करते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आभाराकडे किंवा आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधाराच्या शब्दावरच संपते. ते तसेच्या तसे प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले गेले, ही फार मोठी गोष्ट आहे. ट्रेन चुकली, परीक्षा पुढे गेली, दवाखान्यात तारीख मिळाली नाही, नोकरीचा कॉल आला आणि त्याच आठवड्यात घरात कोणी आजारी पडले: अशा वेळी पहिली प्रार्थना आभाराची असलीच पाहिजे असे शास्त्र कुठेही सांगत नाही. चिडलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते.

दुसरा गैरसमज अधिक जखम करणारा आहे. बेत मोडला म्हणजे देवाने काहीतरी शिकवण्यासाठी मोडला, किंवा कोणत्या तरी पापाची ही शिक्षा, असे चटकन सांगितले जाते. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे तीन मित्र हेच करतात, आणि अखेरीस देव त्या मित्रांवरच रागावतो. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोह येथील बुरूज कोसळून १८ माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, या प्रश्नाला येशू स्पष्ट नकार देतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य असाच प्रश्न विचारतात, तेव्हाही पाप त्याचे नव्हे आणि आईबापांचेही नव्हे, असे उत्तर मिळते. ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य माणूस स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणू शकतो, बऱ्याच वर्षांनी म्हणू शकतो. दुसऱ्याच्या दारात उभे राहून, त्याच्या घरची चूल पेटलेली नसताना ते म्हणणे ईयोबाच्या मित्रांच्या पंगतीत बसण्यासारखे आहे. पाळकांनी आणि घरसभा चालवणाऱ्यांनी हे जपायला हवे.

मग श्रद्धा नेमके काय करते? मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात याचे सर्वांत जिवंत चित्र आहे. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडतो. त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारात आहे. येशू त्याच्याबरोबर निघतो आणि गर्दी लोटते. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पिचलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला हात लावते. येशू थांबतो, मला कोणी शिवले म्हणून विचारतो, शिष्य वैतागतात, बाई थरथरत पुढे येते आणि सगळे सांगते. तो ऐकून घेतो. तेवढ्यात याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली. वाचणारे बहुधा त्या बाईकडे किंवा पुढे उठून बसलेल्या मुलीकडे पाहतात. याईर मात्र त्या सगळ्या वेळात तिथेच उभा आहे. त्याच्या मनात काय चालले होते, याचा एक शब्दही लेखकाने लिहिलेला नाही. ज्या बाईला शिवणे विटाळ मानले जाई, तिच्यासाठी त्याच्या मुलीची घटका गेली. ख्रिस्ती समजुतीचे मर्म इथे आहे: मध्येच आलेला अडथळा म्हणजे बहुतेक वेळा एक माणूस असतो, आणि त्या माणसाला वेळ दिला जातो. त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, हेही ही गोष्ट लपवत नाही.

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत दोन कलमे या दृष्टीने एकत्र वाचावीत. एका कलमात घंटा वाजताच हातातले काम टाकून प्रार्थनेला यावे, असा दिवसाचा काटेकोर क्रम आहे. दुसऱ्यात दारी आलेला प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच समजून त्याचे स्वागत करावे असे सांगितले आहे, आणि पाहुणा घंटा पाहून येत नाही. पाहुण्यासाठी मठाधिपतीने आपला उपवासही मोडावा, अशी सोय त्याच नियमावलीत आहे. दिवसाला शिस्त असावी आणि त्या शिस्तीला एक दार असावे, असा तो तोल आहे. विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहाफर यांनी १९३९च्या ‘लाइफ टुगेदर’ या पुस्तकात कामात गढलेल्या भाविकांना हेच बजावले, की देव आपल्या वाटेत माणसे पाठवतो आणि आपण महत्त्वाच्या कामाच्या घाईत त्यांना ओलांडून जातो.

प्रेषित पौलाचे आयुष्य म्हणजे तर फिसकटलेल्या प्रवासांची वहीच आहे. बिथुनियाला जायचे होते, वाट बंद झाली आणि तो मासेदोनियाला पोचला. रोमहून पुढे स्पेनला जाण्याचा त्याचा बेत रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. रोमला तो पोचला तो कैदी म्हणून. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आरंभ मात्र फारसा कोणी या नजरेने वाचत नाही. तिथे पौल खुलासा करतो आहे. येतो म्हणाला होता, आला नाही, आणि करिंथची मंडळी नाराज झाली की हा आज हो म्हणतो, उद्या नाही म्हणतो. ‘प्रभूची इच्छा नव्हती’ असे म्हणून तो त्यांना वाटेला लावत नाही. का आलो नाही, त्यामागे कोणाचा विचार होता, हे तो सविस्तर सांगतो. आपल्यामुळे ज्याचा दिवस बिघडला त्याला कारण सांगणे, हाही श्रद्धेचा भाग आहे.

नाशिकच्या मातीत या विषयाच्या दोन मोठ्या खुणा आहेत. पहिली शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात ही वस्ती उभारली. गाव वसले ते धर्मांतरामुळे घरदार तुटलेल्यांना आसरा म्हणून, नावाप्रमाणेच. पुढे तिथे अनाथ मुले आली, आणि त्यांच्याबरोबर आफ्रिकेतली मुलेही आली. गुलामांची ने-आण करणारी जहाजे ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडत असे. सुटलेल्या मुलांना मुंबईला आणत आणि त्यांतल्या काहींना नाशिकला पाठवत. शरणपुरात ती सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणे-वाचणे शिकली. इतिहासात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. १८६६च्या जानेवारीत आफ्रिकेचा शोधप्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईहून शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा यांतले ९ जण त्याच्याबरोबर होते. १८७२मध्ये आणखी काही जण गेले, त्यांत जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. मोहिमेचा बेत तिथेच संपला होता. त्याचे आफ्रिकी सोबती चुमा, सुसी आणि त्यांच्या साथीदारांना आपापल्या वाटेने निघून जाता आले असते. त्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, वेनराइटने दफनाची प्रार्थना वाचली, झाडाच्या सालीत नाव कोरले. मग शव मीठ लावून उन्हात वाळवले, सालीत आणि कापडात बांधले, आणि हजार मैलांहून जास्त चालत १८७४च्या आरंभी किनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झाले तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत नाशिकला शिकलेला वेनराइट होता. प्राइस स्वतः पुढे मोंबासाजवळ गेले आणि तिथे सुटलेल्या गुलामांसाठी फ्रियरटाउन वसवले; नाशिकमधले कित्येक आफ्रिकी ख्रिस्ती तिकडे परतले. या मुलांच्या आयुष्याचा पहिला बेत गुलामांच्या व्यापाऱ्यांनी उधळला. दुसरा मिशनने आखला, आणि तोही त्यांचा स्वतःचा नव्हता. चितांबोहून निघायचे हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले. म्हणून त्या पायपिटीचे मोल लिव्हिंगस्टनच्या चरित्रातल्या एका शेवटच्या प्रकरणापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

दुसरी खूण लक्ष्मीबाई टिळकांची. नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरला १८६८ साली त्यांचा जन्म झाला, अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले, आणि पुढची चाळीस वर्षे उद्याचा भरवसा असा त्यांना क्वचितच मिळाला. टिळक कवी, विद्वान, दिलदार, आणि घराच्या दृष्टीने वादळ. न सांगता उठून जायचे, महिनोन्महिने पत्ता नाही. नोकरी धरायची, सोडायची. सामान आणायला गेले तर मनात भरलेली भलतीच वस्तू घेऊन परत यायचे. हातात पैसे पडले की कोणाला तरी देऊन मोकळे. जेवायला चार पाने वाढलेली असताना दारात आणखी चार माणसे. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले, आणि बिघडलेल्या दिवसांचा इतका प्रांजळ लेखाजोखा मराठीत दुसरा नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ती देवाची हाक होती. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने त्या दिवशी संसार बुडाला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या, त्यांतला मोठा काळ पंढरपुरात. चार-पाच वर्षांच्या त्या ताटातुटीतच त्यांनी कविता रचायला सुरुवात केली. श्रद्धेच्या कथा सांगताना हा भाग घाईने ओलांडला जातो, पण विषयाचे सगळ्यांत अवघड टोक इथेच आहे. एकाचे आज्ञापालन दुसऱ्याच्या घरावर घाला होऊन कोसळू शकते. लक्ष्मीबाईंनी तो घाव कधी झाकला नाही आणि नवऱ्यावरचे प्रेमही झाकले नाही. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या तरी स्वयंपाक, पाणी, सोवळे सारे निराळे ठेवून. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या डोक्याने सोडवला, कोणाच्याही हातचे खायला लागल्या, आणि १९०० साली राहुरीला बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईने हे केले.

त्यानंतर त्यांचे बेत मोडायचे थांबले असे नाही. दुष्काळात टिळकांच्या घरी अनाथ मुले आली आणि चूल वाढली. नगरला प्लेग आला तेव्हा त्या छावणीत राहून रोग्यांची सेवा करू लागल्या. बालकवी ठोंबरे पोरगेसे असताना घरात आले आणि घरचेच झाले. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला, म्हणजे महिन्याचे बांधलेले उत्पन्नही गेले. लक्ष्मीबाईंच्या लिखाणात यातल्या कशावरही प्रवचन नाही. कोण आले, काय शिजवले, कोणाला झोपायला कुठे जागा दिली, हे आहे. याईराच्या वाटेवर थांबलेल्या येशूचे मराठी घरातले रूप कसे असते, ते या तपशिलांतून कळते.

नाशिकच्या आजच्या ख्रिस्ती मंडळींना असाच पेच २०२०मध्ये पडला. २५ मार्चला कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा उपवासकाळ चालू होता. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आणि पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला होता. चर्चची दारे बंद राहिली, प्रभुभोजनाची पंगत नाही, अंत्यविधीला मोजकी माणसे. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्या महिन्यांत उपासना मोबाइलवर आल्या आणि घरातली संध्याकाळची प्रार्थना, जी कित्येक ठिकाणी मागे पडली होती, पुन्हा सुरू झाली. २०२१च्या एप्रिलमध्ये दारे पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला उघडली. कॅथलिकांत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला दिवसाअखेरचा आढावा आहे: शांत बसून दिवस क्रमाने आठवायचा, कुठे आधार मिळाला, कुठे आपण कोरडे वागलो, ते पाहायचे. दिवसभरात ठरवलेले काहीच न होणाऱ्या त्या महिन्यांत या रीतीचा उपयोग होता, कारण ती किती कामे उरकली हे विचारत नाही.

टिळकांचा सर्वांत मोठा बेतही अपुराच राहिला. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले तेव्हा ११ अध्यायांच्या आसपास मजकूर झाला होता. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालवले आणि ६४ अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचा अंत झाला तेव्हा शेवटचा अध्याय उरला होता. तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला. ७६ अध्यायांचे ‘ख्रिस्तायन’ १९३८ साली छापून आले.